एका लिटरनं काय होतंय?

घरात डार्करूम करायला किती खर्च येतो, हा प्रश्न माझे फोटो बघितलेला प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं.

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड पाडून फोटो कागदावर मोठा करणारं यंत्र, नवं घ्यायचं नाही. कुठल्याही जुन्या गावात एखादा तरी असा स्टुडिओ असतो, जिथं माळ्यावर ते धूळ खात पडलेलं असतं. मला कोल्हापुरात अडीच हजारांत मिळालं. वर दोन ट्रे आणि ‘इंदू’ छापाच्या फोटोपेपरचं एक रिकामं खोकं फुकट. (‘इंदू’ म्हणजे उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल. कारखाना बंद पडला, खोकं अजून धडधाकट आहे.) लाल उजेडासाठी झिरोचा लाल बल्ब पुरतो. काळ्यापांढऱ्या फोटोच्या साध्या कागदाला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. तरी बल्ब तपासून घ्या. अंधारात कागदाच्या तुकड्यावर रुपयाचं नाणं ठेवा, पाच मिनिटं तो बल्ब लावा आणि कागद डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला. फिल्मचं मात्र तसं नाही. तिला लालही दिसतो, म्हणून ती टाकीत भरायची ती ठार अंधारात. मी गोधडीखाली हात घालून भरते.

रसायनं तयार पाकिटातली घेतली तर महाग पडतात. फिल्मसाठी डी-76 नावाच्या डेव्हलपरची कृती 1927 पासून चालत आली आहे. लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम मेटॉल, 100 ग्रॅम सोडियम सल्फाइट, 5 ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि 2 ग्रॅम बोरॅक्स. रसायनांच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं, फक्त हातमोजे घाला, मेटॉलनं कातडीला खाज सुटू शकते. तेही नको असेल तर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क्‍ जीवनसत्त्व एकत्र करूनही फिल्म डेव्हलप होते. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी 1995 साली कॉफीनं डेव्हलप करून दाखवलं. वास मात्र असा येतो की घरचे दुसऱ्यांदा करू देत नाहीत. शेवटी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते खड्यांसारखं किलोवर मिळतं. थर्मामीटर, कपड्यांचे चिमटे, खिडकीला काळं कापड धरून माझा सगळा खर्च सात हजारांच्या आत बसला.

आता या सात हजारांत काय काय धरलेलं नाही, ते बघू.

पहिली गोष्ट, खोली. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं चार आणि न्हाणीघर-संडास मिळून एकच. शुक्रवारी रात्री दहा ते एक ती जागा माझी असते. बाबांना मधुमेह आहे, त्यांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळपासून ते पाणी कमी पितात, हे मला आईकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नसते. आता आमचा नियम आहे की बाबांनी दार वाजवायचं आणि मी लगेच बाहेर यायचं, मग आतला कागद गेला तरी चालेल. आईचं बोलणं सोपं असतं, “झाला का गं फोटो, की अजून भिजतोय?” पण त्या घोटभर न प्यायलेल्या पाण्याचा आकडा मी कुठल्या रकान्यात लिहू?

आपल्याकडचं सिनेमाचं पहिलं मोठं काम असंच घरात झालं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम रात्री अंधारात सरस्वतीबाई करत. फिल्म डेव्हलप करायला त्या शिकल्या, दिवसा एवढ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच केला, आणि पैसे कमी पडले तेव्हा दागिने त्यांचे गेले. 1913 च्या त्या चित्रपटाबद्दल बोलताना आपण ‘तुटपुंज्या साधनांत’ असं कौतुकानं म्हणतो. साधनं तुटपुंजी होती हे खरंच. जी कमी पडली त्यांच्या जागी एक बाई उभी होती. त्यांना त्या कामाचा आनंदही मिळाला असेल, तो मी नाकारत नाही. पण कमी खर्चात झालेलं काम बघितलं की उरलेला खर्च कोणी केला हे शोधायची मला आता सवय लागली आहे.

दुसरी गोष्ट, हायपो. इथं मला जास्त वेळ थांबायचं आहे.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो (ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी ठरवा) आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड लागलेले कण डेव्हलपरमध्ये काळे पडतात, म्हणजे त्यांची शुद्ध चांदी होते. फोटोतला काळा रंग म्हणजे ही चांदी. उजेड न लागलेले कण तसेच ठेवले तर पुढे दिव्याखाली तेही काळवंडतात, म्हणून ते काढून टाकावे लागतात. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाला 1819 मध्येच कळलं होतं. वीस वर्षांनी फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला तेव्हा ते कामी आलं. त्याच्या आधी फोटो निघायचा पण टिकायचा नाही.

म्हणजे कागदावरची काही चांदी फोटोत राहते आणि बाकीची हायपोच्या ट्रेमध्ये उतरते. माझ्याकडं आजीचा एक फोटो आहे, मी स्वतः काढलेला आणि छापलेला. लुगड्याचा काळा काठ म्हणजे चांदी. आजीचे पांढरे केस म्हणजे चांदी निघून गेल्यावर उरलेला कोरा कागद. केसांच्या जागची चांदी ट्रेमध्ये गेली.

ट्रेमधल्या त्या पाण्याचं काय करायचं? हौशी माणसाला सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मोरी. न्हाणीघरातच उभे असतो आपण, ट्रे तिरका केला की काम संपलं.

ज्या काकांनी मला एन्लार्जर विकलं त्यांनी पैसे मोजता मोजता सांगितलं होतं, “पोरी, हायपो फेकायचं नाही. चांदी असते त्यात.” त्यांच्या स्टुडिओत वापरलेलं हायपो कॅनमध्ये साठवत आणि एक माणूस येऊन ते विकत नेई. रुग्णालयंही एक्स-रे विभागातलं हायपो आणि जुन्या फिल्म अशाच विकत. काकांना नदीची काळजी होती असं नाही. हायपोला भाव होता, म्हणून ते मोरीत गेलं नाही. एक्स-रे डिजिटल झाले, स्टुडिओ डिजिटल झाले, आता माझा महिन्याचा एक लिटर न्यायला कोण येणार? जे काम भावानं आपोआप व्हायचं ते करायला आता काहीतरी कारण शोधावं लागतं. आणि भाव होता तेव्हाही सगळं स्वच्छ होतं असं नाही. एक्स-रे फिल्मवरची चांदी काढायला ती कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात घालतात, आणि कुठल्या तरी शेडमध्ये ज्याचे हात त्या पाण्यात असत तो माणूस काकांनी किंवा रुग्णालयानं कधी बघितलेला नसतो.

माझ्या मैत्रिणीनं या सगळ्यावर एका वाक्यात निकाल दिला. “अगं, जयंती नाल्यातनं पंचगंगेत काय काय जातंय, तुझ्या एका लिटरनं काय होतंय?”

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सुटी चांदी पाण्यातल्या बारीक जीवांना फार विषारी असते, पण हायपोत बांधलेली चांदी त्या मानानं पुष्कळ कमी. सांडपाण्यात गेल्यावर तिचं बहुतेक करून सल्फाइड होतं आणि ती गाळात बसते. माझ्या लिटरानं एकही मासा मेला असं कोणी दाखवू शकणार नाही. खाली इचलकरंजीपर्यंत नदीत जे मिसळतं त्याच्यापुढं माझी चांदी मोजताही येणार नाही. परिणाम मोजून नीती ठरवायची असेल तर मैत्रीण जिंकली.

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञानं 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात असाच एक पेच मांडला आहे. वाळवंटात दहा हजार जखमी माणसं तहानेनं तळमळताहेत. दूर दहा हजार माणसांकडं प्रत्येकी अर्धा-पाऊण लिटर पाणी आहे. सगळ्यांनी ते एका गाडीत ओतलं आणि गाडी तिकडं नेली तर सगळ्यांची तहान भागेल. पण मी एकटीनं माझं पाणी ओतलं नाही तर प्रत्येक जखमीला दहा हजारावा भाग कमी मिळेल, आणि ते कोणाच्याच जिभेला कळणार नाही. मग मी ओतलंच पाहिजे का? पारफिट म्हणतो, हो. कोणाला जाणवत नाही एवढ्यावरून त्याचं मोल शून्य होत नाही, आपण सगळे मिळून काय करतो तेही बघायला हवं. मला हे पटतं, पण पुरत नाही. कारण मैत्रीण लगेच विचारते, “आणि सगळे मिळून करतच नसतील तर?” आज कोल्हापुरात घरी फोटो धुणारे किती असणार? आमची गाडी भरतच नाही.

ही गोष्ट वाचताना मला श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवत राहिली. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. दवंडी पिटली, लोकांनी घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध आणून ओतलं. पोरंबाळं उपाशी, वासरं उपाशी, तरी गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिनं आधी घरातल्या माणसांना, मुलांना, वासरांना दूध दिलं, उरलेलं खुलभर आणून ओतलं आणि गाभारा भरला. लहानपणी मला हा चमत्कार थेंबाचा वाटायचा, म्हणजे छोट्या माणसाचं छोटं दानही मोठं वगैरे. आता वाटतं, कहाणीला दूध मोजायचंच नाही. तिला विचारायचं आहे की ते कोणाच्या तोंडचं आणलं. गाभारा ही राजाची हौस होती, आणि हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो तेव्हा ते मोल दुसऱ्याच कोणाच्या गोठ्यातून जात असतं.

मैत्रिणीला मी दिलेलं उत्तर मात्र याहून साधं होतं. एका फोटोत चांदी किती असते? ग्रॅमचाही बारीकसा अंश. तेवढ्या चांदीत आजीच्या लुगड्याचा काठ आहे, तिच्या डोळ्यांतलं काळं आहे, आणि त्या फोटोसाठी मी घरातल्या चार माणसांची रात्र अडवते. तेव्हा मी म्हणत नाही की एवढ्याशानं काय होतंय. ती एवढीशी चांदी कागदावर असेपर्यंत माझ्यासाठी सर्वकाही असते. तीच ट्रेमध्ये उतरली की मी तिला काहीच नाही म्हणायचं, हे मला जमत नाही. यात नदी वाचते असा माझा दावा नाही. एकाच चांदीला दोन वजनकाटे लावायचे नाहीत, इतकंच.

त्यावर ती म्हणाली, मग फोटोच नको काढू. हा आक्षेप जास्त खरा आहे. गरज नसलेली गोष्ट करायची आणि मग तिच्या सांडपाण्याची काळजी वाहायची, यात ढोंगाचा वास येऊ शकतो. पण गरजेच्या नसलेल्या गोष्टी सोडत गेलं तर आजीचा फोटो, श्रावणातली कहाणी आणि रविवारचा तांबडा-पांढरा सगळंच जाईल. आणि मोबाइलवर काढलेला फोटो काही हवेतून येत नाही, त्याची खाण आणि त्याचा कचरा माझ्या न्हाणीघरात येत नाही एवढंच. डार्करूमचं बरं हे आहे की तिचा कचरा मला वासासकट दिसतो.

म्हणून सध्या असं करते. फिल्म धुताना नळ सोडून ठेवत नाही. टाकीत पाणी भरून 5 वेळा उलटीपालटी करायची, ओतायचं, मग नव्या पाण्यात 10 वेळा, मग 20 वेळा, बास. वापरलेलं हायपो कॅनमध्ये. कॅन भरला की त्यात बारीक लोखंडी तार, म्हणजे पॉलिशवाले वापरतात ते स्टील वूल. भांड्यांची चकचकीत घासणी चालत नाही, ती गंजत नाही आणि इथं गंजणारीच हवी. लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी चांदी काळ्या चिखलासारखी तळाला बसते. धाकट्या भावाला विश्वास बसेना, म्हणून त्याच्यासमोर वापरलेल्या हायपोत तांब्याची तार बुडवली. थोड्या वेळानं ती करडी-पांढरी झाली. त्यानं ती पुसून स्वतःच्या कंपासपेटीत ठेवली. चांदी काढून उरलेलं पाणी भरपूर पातळ करून शेवटी मोरीतच जातं, त्याला माझ्याकडं दुसरी वाट नाही.

चिखल वाळवून बाटलीत भरते. गुजरीत एका चांदी आटणीवाल्याला तो दाखवला. त्यानं चिमटीत धरून चोळला, बोटं बघितली आणि म्हणाला, “किलोभर झालं की या, ताई.” बाटलीत तळाला दोन बोटं झाला आहे. भावानं तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, ‘विष, पिऊ नये’, आणि आईनं ती ओट्याखालून काढून माळ्यावर ठेवली आहे.