घरची भाषा आणि लिहिती भाषा

कर्नाटकातल्या भाषांवर वाद पेटला की जनगणनेचा एक आकडा हमखास पुढे येतो. 2011 साली राज्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांनी कन्नड ही आपली मातृभाषा नोंदवली. यावरून एक बाजू म्हणते, कानडी माणूस आपल्याच राज्यात आक्रसतो आहे. दुसरी म्हणते, तिसरा हिस्सा कानडी नाहीच, मग कन्नडचा आग्रह कशाला? दोघांचे गृहीतक एकच: घरात बोलतो ती माणसाची भाषा, बाकीच्या परक्या. बेळगावच्या वादात आपणही तेच धरून बसतो.

मला हे गृहीतकच कच्चे वाटते. कन्नडच्या आठ ज्ञानपीठविजेत्यांपैकी बेंद्र्यांच्या घरी मराठी होती, मास्तींच्या घरी तमिळ, गिरीश कार्नाडांच्या घरी कोंकणी. 2025 चे आंतरराष्ट्रीय बुकर कन्नडकडे आणणाऱ्या बानू मुश्ताक उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. घरच्या भाषेचा निकष लावला तर हे चौघेही उरलेल्या 34 टक्क्यांत जातात!

यावर उत्तर येते की हे अपवाद आहेत. चार लेखक म्हणजे समाज नव्हे. मग दक्षिण कन्नड आणि उडुपी या किनारी जिल्ह्यांकडे पाहावे. तिथे घरात ब्यारी किंवा कोंकणी, बाजारात तुळू आणि हातात कन्नड वर्तमानपत्र, यात कुणालाच विशेष वाटत नाही. ‘उदयवाणी’ 1970 पासून याच पट्ट्यातल्या मणिपालहून निघते. यक्षगानात तुळू आली ती अलीकडे. परंपरेने ते कन्नडातच. पिढ्यान्‌पिढ्या अख्खा मुलूख असा वागत असेल, तर त्याला अपवाद कसे म्हणायचे? शिवाय ज्या जनगणनेवर एवढी भिस्त, ती लंबाणी तांड्यावरची बोली हिंदीच्या खात्यात घालते.

म्हणून घरची भाषा आणि लिहिती भाषा यांत फरक केलाच पाहिजे. घरची भाषा जन्माने मिळते. लिहिती भाषा समाज पत्करतो, आणि पत्करलेली सोडूही शकतो. विविधतेचे नुसते गोडवे गाणाऱ्यांबद्दल एवढेच, की कौतुकावर शाळा चालत नाहीत. कन्नडला धोका तुळू बोलणाऱ्या घराकडून नाही. कन्नड घर आणि तुळू घर दोन्ही आपले मूल इंग्रजी शाळेत घालतात, तिथे आहे. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, मुलाची मातृभाषा कोणती हेही पालकच ठरवतील, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले. त्यानंतर सक्तीचा रस्ता जवळजवळ बंद झाला. उरली ती लोकांची मर्जी.

ही मर्जी फुकटची नसते, हे मात्र कन्नडवाद्यांना कडवट वाटले तरी सांगायला हवे. तुळू आणि कोडव समाजांनी लिहिण्यासाठी कन्नड पत्करली, त्याची किंमत त्यांच्या भाषांनी मोजली. तुळू बोलणारे 18 लाखांहून अधिक आहेत. तरी तुळू आज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, कोडवही नाही. त्यांना तिथे जागा देण्याची मागणी मंगळूर आणि मडिकेरीवर सोडून चालणार नाही. ती धारवाड-म्हैसूरच्या कन्नड लेखकांनी आणि आमदारांनी स्वतःची म्हणून लावून धरली पाहिजे.