वाया गेलं, असं कधी म्हणावं?



पाव आपल्या घरात नवा नाही. सकाळी पाववाल्याचा भोंगा वाजला की दार उघडतं. पण तो फुगतो कशाने, याचा विचार आपण सहसा करत नाही. पोर्तुगिजांनी गोव्यात पाव आणला, तेव्हा यीस्ट मिळत नव्हतं. म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर वापरू लागले. सान्नांच्या पिठातही जुन्या बायका सूरच घालत. पुढे बाजारात यीस्ट आलं आणि सूर मागे पडली. २०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांत यीस्ट मिळेनासं झालं, तेव्हा पुष्कळ लोकांनी घरीच खमीर धरायला सुरुवात केली. गेल्या उन्हाळ्यात आम्हीही म्हटलं, एकदा करून तर बघू.

कृती सोपी आहे. काचेच्या बरणीत ५० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवायचं आणि झाकण सैल ठेवायचं. मग रोज त्यातलं अर्धं काढून टाकायचं आणि तेवढंच नवं पीठ-पाणी घालायचं. सुरुवातीचं काढलेलं पीठ खायचं नसतं. ते आम्ही माडाच्या आळ्यात घातलं. आंबोळीचं पीठ आपल्याकडे एका रात्रीत आंबतं, त्यामुळे हेही लगेच जमेल अशी आमची समजूत होती.

दुसऱ्याच दिवशी पीठ बरणीत दुप्पट झालं. आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते बसलं. चौथ्या दिवशी बुडबुडा नाही, फुगणं नाही, नुसता उग्र वास. आम्ही म्हटलं, "गेलं वाया," आणि बरणी उचलली. तेवढ्यात आजी म्हणाली, "तां मेलां नाय गो. खावक घाल आणि वाट बघ."

बरणी खाली ठेवली, पण आमचाच शब्द आमच्या कानात राहिला. कारण 'वाया गेला' हे आम्ही आधीही म्हटलं होतं, आणि ते पिठाबद्दल नव्हतं. घरातला धाकटा मुंबईची नोकरी सुटून परत आला. पहिले काही दिवस उत्साहात होता, होडी घेऊ, दुकान टाकू म्हणत होता. मग गप्प झाला. दोन वर्षं पडवीत बसून आहे. पाहुणे आले की आम्हीच हळू आवाजात सांगत होतो, तो वाया गेला म्हणून.

बरणीत काय चाललं होतं, ते आम्हाला मागाहून समजलं. आंबणं हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनातून दाखवलं. पहिल्या दोन दिवसांत पीठ फुगवतात ते भलतेच जंतू. त्यांचा जोर लवकर संपतो, कारण पीठ आंबट होत जातं आणि तो आंबटपणा त्यांना सोसत नाही. खरं यीस्ट मात्र त्या आंबटपणात टिकतं आणि सावकाश वाढतं. म्हणजे पहिलं फुगणं खरं नव्हतं, आणि नंतरचा शांतपणा मरणाचा नव्हता. आणखी एक गोष्ट. हे यीस्ट हवेतून येतं असं आम्हाला वाटायचं. प्रत्यक्षात ते बहुतेक पिठातच असतं, अगदी पहिल्या दिवसापासून.

मग प्रश्न असा, की नेहमी वाट बघत राहणं हाच सद्गुण आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. बरणीत गुलाबी-नारिंगी रेघ दिसली किंवा बुरशी आली, तर ते सगळं टाकावंच लागतं. तिथे धीर धरणं हा शहाणपणा नाही. माणसांतही असंच आहे. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या घरी जाऊन तिला "सहन कर, तो सुधारेल" असं सांगणं, याला आशा म्हणत नाहीत. तिथे आधी तिला आणि मुलांना सुरक्षित करावं लागतं. मात्र माणूस म्हणजे पीठ नव्हे. त्याला दूर ठेवावं लागलं तरी टाकून देता येत नाही.

पण गप्प असणं आणि विषारी होणं यांत फरक आहे, आणि आपण घाईत दोन्हींना एकच नाव देतो. शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण तो नुसतं वर्ष मागत नाही. झाडाभोवती खणीन, खत घालीन, असंही सांगतो. त्याच्या थांबण्याला मुदत आहे आणि मेहनतही आहे.

इथेच आम्ही कमी पडलो. बरणीला आम्ही रोज पीठ-पाणी घालत होतो. धाकट्याची दोन वर्षं वाट बघितली, पण त्या दोन वर्षांत त्याला विचारलं काय? जेवायला बोलावलं, एवढंच. सल्ले दिले ते दुसऱ्यांदेखत. न खाऊ घालता वाट बघणं म्हणजे टाकून देणंच, फक्त सावकाश.

सहाव्या दिवशी बरणीत बारीक बुडबुडे आले. दहाव्या दिवशी पाव केला. थोडा बसका झाला, कवच कडक. धाकट्याने तुकडा मोडला, चावला आणि म्हणाला, "आंबट आसा. पण बरो लागता." दुसऱ्या दिवशी बरणीत पीठ त्याने घातलं. याहून अधिक सांगण्यासारखं अजून काही घडलेलं नाही, आणि घडलंय असं आम्ही भासवणार नाही. पण 'वाया गेला' हा शब्द आमच्या घरात बंद झाला आहे.

आपल्याही पडवीत कुणी गप्प बसलेलं असेल. या आठवड्यात त्याला एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि कुणाला खमीर हवं असेल, तर रविवारी मिस्सेनंतर वाटी घेऊन यावं. विरजणासारखंच ते दिल्याने कमी होत नाही.