खवल्यांची परीक्षा

शब्बाथशाळेच्या परीक्षेचा निकाल लागला की एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. देवाचे वचन शिकणाऱ्या मुलास शंभरापैकी चाळीस गुण देताना आपण नेमके काय मोजतो?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर कोकणात आहे. तेथील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहूदी. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची परंपरा सांगते की, दावीद राहाबी नावाचा एक यहूदी त्यांच्याकडे आला. हे खरोखर आपले बांधव आहेत काय, हे त्यास पाहावयाचे होते. त्याने बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवून ते शिजविण्यास सांगितले. बायकांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे घेतले आणि बाकीचे बाजूस सारले. लेवीयच्या अकराव्या अध्यायातील नियम हाच. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता. इब्री प्रार्थनांपैकी ‘शमा’ तेवढी मुखी उरली होती. लेखी परीक्षा घेतली असती तर सारी जमात नापास झाली असती!

तर मग परीक्षाच नको काय? तसे नव्हे. राहाबीने परीक्षा घेतलीच. पण ती क्रमांक लावण्यासाठी नव्हती. त्यानंतर त्याने तीन तरुण निवडून त्यांस शिकविले, असेही परंपरा सांगते. केवळ रूढीवर भागत नाही, ग्रंथज्ञानही हवे. म्हणूनच 1875 साली मुंबईत त्या समाजाची शाळा निघाली.

यहूदी सभास्थानात आणखी एक रीत आहे. तेरा वर्षांचा मुलगा मंडळीपुढे शास्त्र वाचतो. अर्थ बदलेल अशी चूक झाली, तर तेथल्या तेथे ती सुधारतात. मुलगा तो शब्द पुन्हा वाचतो व पुढे जातो. शब्बाथ दिवशी लिहिणे वर्ज्य, तेव्हा त्या दिवशी गुण मांडणार कोण?

भोपाळच्या अयोध्या नगरासारख्या वस्तीत मुले घरी मराठी बोलतात व शाळेत हिंदी लिहितात. अशा मुलाची मराठी उत्तरपत्रिका बहुधा त्याचे शुद्धलेखन मोजते. मूल मात्र समजते की, देवाच्या घरीही आपण मागेच.

शिक्षकबंधूभगिनींनो, प्रश्न अवश्य विचारा. पण पुढे काय शिकवावे हे कळावे म्हणून. तोंडी विचारा, चूक तेथेच सुधारा, मुलास पुन्हा म्हणू द्या. आणि क्षमेचा धडा त्यास आला की नाही, हे त्याच्या धाकट्या भावंडास विचारा.