कसोटी सामने : ०

जुलैत वलवणला पाऊस लागला की धरणाकडचं काही दिसत नाही आणि पोरांचा खेळ पडवीत येतो. १९९५ साली तो खेळ ट्रम्प कार्डांचा होता. ज्याची पाळी त्याने रकाना सांगायचा, धावा, बळी, सामने काहीही. ज्याचा आकडा मोठा त्याला दोन्ही कार्डं.

"सर्वोच्च धावा," धाकटा म्हणाला.

थोरला खूश झाला. त्याच्याकडे ब्रायन लारा होता. ३७५, आदल्याच वर्षीचा कसोटीतला विश्वविक्रम.

"चारशे त्रेचाळीस, नाबाद."

थोरल्याने कार्ड हिसकावलं. चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्रातला काळपट फोटो, खाली आबांचं अक्षर : भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्र.

"हे पाकिटात नव्हतं."

"आबांनी केलंय. आकडा खरा आहे."

थोरल्याने लारा दिला, पण डाव मनात ठेवला. जाड पुठ्ठा मागूनही ओळखू येत होता. तो पुन्हा धाकट्याच्या गठ्ठ्यावर आला तेव्हा पाळी थोरल्याची होती.

"कसोटी सामने."

धाकटा गप्प झाला. आबांनी तिथे शून्य लिहिलं होतं. या खेळाचा नियम कठोर आहे. ज्या रकान्याचं नाव घेतलं, तेवढ्यापुरताच माणूस मोजला जातो.

"मागे गुण मांडायला बरं आहे," थोरला म्हणाला आणि पेन्सिल शोधू लागला.

"दादा, नको ना! लारा घे परत. तेंडुलकरपण घे."

पेन्सिल हातातच राहिली. तेंडुलकर देऊन कोणी पुठ्ठा मागतं का?

"आबा, हा माणूस एकही कसोटी खेळला नाही?"

"नाही," आबा म्हणाले. "डिसेंबर १९४८, पुणे. समोर काठियावाड. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ला नऊ धावा कमी होत्या. मधल्या सुट्टीत काठियावाडचा कप्तान म्हणाला, डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघालेच. सामना तिथेच संपला."

"मग त्याला कसोटीत घ्यायचं ना!"

"त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीज भारतात कसोट्या खेळत होते. निंबाळकरांना बोलावणं आलं नाही. पुढेही आलं नाही. पण रणजीत एवढी मोठी खेळी आजवर दुसऱ्या कोणाची नाही."

"आणि कार्ड?"

"छापणारे कसोटीवाल्यांचीच छापतात. पुठ्ठा काय, आपल्या घरात आहे."

थोरल्याने निंबाळकर धाकट्याच्या गठ्ठ्यावर ठेवले. लारा मागितला नाही. आत जाऊन चिक्कीचं रिकामं खोकं आणि कात्री घेऊन आला.

"असे आणखी कोण आहेत?"

"लिही. पद्माकर शिवलकर, मुंबई. डावखुरा फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत बळी ५८९."

"कसोटी सामने?"

"शून्य. तेही लिही, गाळू नकोस."