झोपेचा साक्षीदार

बहुतेक दुखण्यांची पहिली खबर ज्याची त्याला लागते. दाढ ठणकली तर ती आधी आपल्यालाच कळते, घराला नंतर. झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचं तसं नाही. तो ज्याला आहे, त्याने तो कधी पाहिलेलाच नसतो. घोरण्याचा चढता आवाज, मध्येच पडलेला खंड आणि मग हिसका देऊन परत सुरू झालेला श्वास, हे सगळं शेजारी जागं असलेल्या माणसाच्या वाट्याला येतं. आपल्याला सकाळचं जड डोकं, दुपारी खुर्चीतली डुलकी आणि वाढत गेलेली बीपीची गोळी एवढंच कळतं. रात्री काय झालं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा. त्यावर उपाय म्हणून रात्री मास्क लावून वापरायच्या सीपॅप मशीनची सवय व्हायला जड का जाते, याचं कारण मला मास्कपेक्षा या विश्वासात जास्त दिसतं.

खरं तर आमच्या नांदेड-लातूरकडे साक्षीदारांची वाण कधी नव्हती. उन्हाळ्यात गच्चीवर नाहीतर अंगणात ओळीने अंथरुणं पडायची. लग्नघरी तर एकाच हॉलमध्ये सतरंजीवर दोन्हीकडचं वऱ्हाड. कोण कसं घोरतं हे सगळ्या भावकीला पाठ. पण त्या साक्षीची किंमत एका नकलेपुरती. सकाळी चहाला कोणीतरी आवाज काढून दाखवायचं, सगळे हसायचे, ज्याची नक्कल तोही हसायचा. ‘तात्या लई गाढ झोपतेत’ या वाक्यात कौतुकच असतं. पोटभर जेवलेला, कशाची फिकीर नसलेला माणूस घोरतो, अशी आपली समजूत.

दुसरी समजूत याहून घट्ट आहे. कोणी रात्रीतून गेलं की आपण म्हणतो, पुण्यवान माणूस, झोपेतच गेला. पण ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसं झोपेतच गाडली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या भागातली माणसं छताखाली झोपायला धजावत नव्हती. झोपेतलं मरण पुण्याचं, असं निदान त्या पट्ट्यात तरी कोणी सरसकट म्हणू नये. तरीही एकट्यादुकट्या मरणाबाबत म्हणतोच, आणि कारणाची चौकशी ‘झटका आला असेल’ इथे संपते. फेब्रुवारी २०२२मध्ये बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचं, स्लीप अ‍ॅप्नियाचं, नाव घेतलं. हा शब्द तेव्हा पहिल्यांदा वाचला असं सांगणारे बरेच जण भेटतात.

घडतं ते असं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट चेपते. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला की ती एक घटना धरतात. तासाला पाचच्या आत असल्या तर चिंता नाही, तीसच्या पुढे गेल्या तर दुखणं तीव्र. अशा घटनेत मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि सकाळी त्या जागं होण्याची आठवणही नसते. यावरचा सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांचा सीपॅपचा उपाय १९८१मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला, तोही पाचच रुग्णांच्या अनुभवावर. सुरुवातीचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडून केलेलं होतं, आणि मास्क रोज रात्री नाकावर चिकटवावा लागे. यामागचं तत्त्व आमच्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. रानात चपटा पडलेला घडीचा पाइप मोटर चालू होताच फुगून गोल होतो. इथे पाण्याच्या जागी हवा आणि पाइपाच्या जागी घसा.

म्हणजे हे मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडतं. पण २०२१च्या कोविड लाटेत नाकातोंडावर मास्क लावलेली आपली माणसं लोकांनी पाहिली आहेत, त्यामुळे पाहुणा खोलीत डोकावला की पहिला प्रश्न ठरलेला, “काय ओ, दादाला ऑक्सिजन लावलाय का?” या एका प्रश्नाने कितीतरी मशीनं कपाटात गेली असतील. लग्नाला जाताना तर ते घरीच राहतं. घोरणं अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं तेव्हा लाज वाटली नाही. लाज वाटते ती जवळपास बिनआवाजी चालणाऱ्या यंत्राची. घोरणं हा स्वभाव मानला गेला होता, मास्क मात्र आजाराची कबुली ठरला.

आवाजाची धास्ती घेणारेही भेटतात. मार्च ते जून ज्यांच्या उशाशी पत्र्याचा कूलर घरघरतो, त्यांनी हे म्हणावं! उलट त्या कूलरने आमच्याकडची बरीच घोरणी झाकून ठेवली आहेत. खरी अडचण विजेची. लाइट गेली की मास्कमध्ये कोंडल्यासारखं होऊन जाग येते. इन्व्हर्टर असला तरी हवा कोमट आणि ओलसर करणारा ह्युमिडिफायर वीज खातो, तेव्हा तो बंद ठेवून नुसतं मशीन चालवावं लागतं. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. बोअरचं जड पाणी घातलं की तळाला पांढरा थर धरतो. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे नाकाच्या ओलाव्यासाठी पाण्याचा कॅन विकत घेताना माणूस थोडा ओशाळतो. बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसावं, हवा सुटत असेल तर पट्टे आवळत बसण्यापेक्षा मास्कचं माप बदलावं, दाब हळूहळू चढवण्याची सोय वापरावी.

पण युक्त्या कामाला येतात त्या आपल्याला आजार आहे हे पटल्यावर. आणि पटतं कशाने, तर कागदाने. बायको वर्षानुवर्षं सांगत होती, “अहो, तुमचा श्वास थांबतो, मी हलवून उठवते,” तेव्हा तिला भास झालेला असतो. अंगाला वायरी लावून एक रात्र झोपलं आणि छापील अहवालात तासाला अमुक वेळा असा आकडा आला, की तेच खरं होतं. तिने ऐकलेलंच यंत्राने मोजलं, एवढाच काय तो फरक. हल्लीची मशीनं रोज सकाळी आकडे दाखवतात. रात्री किती तास मास्क होता, किती घटना झाल्या, किती हवा सुटली. आम्ही पुरुष ते आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे एकमेकांना सांगतो. जिच्या साक्षीवरून हे सगळं सुरू झालं तिचं नाव त्यात कुठे नसतं.

सवय तिलाही करावी लागते, हे तर कोणी सांगतच नाही. मी मशीन लावायला लागलो तेव्हा आमच्या घरात झोप उडाली ती बायकोची. इतकी वर्षं आवाज आहे म्हणजे माणूस आहे, असा तिचा हिशेब होता. आवाज बंद झाला आणि ती उठून उठून माझ्या छातीवर हात ठेवून पाहू लागली.

मग प्रश्न येतो की तिच्या झोपेवर नजर कोणाची? डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा मुंबईतला अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वयाच्या शहरी माणसांत १९.५ टक्के जणांच्या श्वासात झोपेत बिघाड होत होता, आणि ७.५ टक्के जणांना त्याच्या जोडीला दिवसा झोपाळूपणाही होता. त्या अभ्यासात सगळे पुरुष होते. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यावर, हा त्रास वाढतो हे डॉक्टरांना माहीत आहे. पण बाई घोरते हे सांगायला घरच्यांना कमीपणा वाटतो, आणि तिला स्वतःला तर त्याहून जास्त. नवरा नसलेल्या, मुलं पुण्याला गेलेल्या बाईच्या रात्रीला तर कोणीच साक्षीदार नसतो. जिचा नवरा सोबत दवाखान्यात येतो, तिच्या बाबतीत डॉक्टर त्याला विचारतात, “या झोपेत घोरतात का?” तो म्हणतो, “काय माहीत साहेब. ही झोपते सगळ्यांच्या शेवटी, अन् उठते सगळ्यांच्या आधी.” मग अंगात रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात.