पहिला वाटा

खोडाळ्याच्या पुढं डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर एक घर होतं. घरात म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि तीन पोरं. थोरली आश्रमशाळेत आठवीला, मधला अंगणवाडीत जाणारा आणि धाकटी अंगावर पिणारी. जेवायचा क्रम ठरलेला होता. आधी धनी, मग पोरं, मग म्हातारी. सून सगळ्यांच्या मागून बसायची आणि टोपलीत नागलीच्या भाकरीचा तुकडा उरला असेल तर आमटीच्या पाण्यात बुडवून खायची. नसेल उरला तर तांब्याभर पाणी पिऊन उठायची. साऱ्या पाड्यात तिचं कौतुक होतं. ‘सून असावी तर अशी,’ असं म्हातारी आल्यागेल्याला सांगायची. अशा कौतुकाला दमडी पडत नाही, म्हणूनच बहुधा ते सढळ हातानं होतं.

आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत 2015 पासून अमृत आहार योजनेचं गरम जेवण मिळतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना. सून तिथं जायची, भात-आमटी खायची आणि अंडं मात्र पदराला बांधायची. सेविका डोळे वटारायची, ‘ते इथंच बसून खायचं.’ सून मान डोलवायची. घरी पोहोचताच मधला पदर चाचपायचा.

आषाढात आवणी सुरू झाली. गुडघाभर चिखलात रोप लावता लावता सुनेच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती बांधावर बसली. उपकेंद्रातल्या सिस्टरनी बोट टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बारा हवं, भरलं आठ. ‘नीट जेवता ना?’ ‘जेवते की.’ लोहाच्या गोळ्या घेऊन ती घरी आली.

त्याच दिवसांत आश्रमशाळेत विज्ञानाच्या सरांनी बाजारातल्या मटणवाल्याकडून बोकडाचं हृदय आणलं. कागदाची पुडी सोडून ते त्यांनी टेबलावर पाटावर ठेवलं. मुलं आधी नाक मुरडून मागं सरली, मग एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली. सरांनी ब्लेडनं उभा छेद दिला. वर दोन पातळ कप्पे, खाली दोन जाड, माणसाच्या हृदयात असतात तसेच. डाव्या बाजूची भिंत सगळ्यांत जाड, कारण साऱ्या अंगाला रक्त ढकलायचं काम तिचं. माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असतानाही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. सरांनी विचारलं, ‘एवढं रक्त ज्याच्या पोटातून जातं, ते स्वतः काय खातं?’

‘आतलंच रक्त पीत असेल,’ कोणीतरी म्हणालं.

सर म्हणाले, ‘नाही. भिंत जाड आहे, आतलं रक्त तिच्यात मुरत नाही. आतल्या पातळ थरापुरतं काय ते.’ मग त्यांनी महाधमनीचं तोंड उघडून धरलं. मुळाशी खिशासारखे तीन पांढरे पडदे होते आणि त्यांच्या लगेच वर दोन बारीक भोकं. सरांनी थोरलीच्या हातात खराट्याची काडी दिली. ‘घाल आत. बघ कुठं जाते.’

तिला वाटलं, काडी बाहेर निघेल. ती निघाली नाही. पिवळ्या चरबीखालून वळत हृदयाच्याच मांसात शिरली. महाधमनीच्या या पहिल्या दोन फांद्या, कोरोनरी धमन्या. मेंदूकडची वाट पुढं, मूत्रपिंडाची त्याहून पुढं. वजनानं अंगाचा अर्धा टक्का भरेल न भरेल एवढं हृदय, पण रक्तातला पाचेक टक्के वाटा आधी स्वतःकडे वळवून घेतं.

‘म्हणजे स्वार्थीच की,’ एक मुलगी म्हणाली.

‘तो वाटा अडला तर हृदयाचं मांस मरायला लागतं,’ सर म्हणाले. ‘मग बाकीच्यांना वाढणार कोण?’

मागच्या बाकावरचा पोरगा उठला. ‘सर, मग वैतरणेचं कसं? धरण आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि मे महिन्यात आपल्याकडं टँकर.’ सर हसले आणि म्हणाले, ‘हे पुस्तकात नाही.’ पोरानं विचारलं ते खरं म्हणजे पुस्तकात असायला हवं होतं.

नागपंचमीला थोरली घरी आली. रात्री ताटं मांडताना तिनं काडीची गोष्ट सांगितली आणि आईपुढं भाकरी ठेवली. म्हातारी कडाडली, ‘बाईमाणसानं आधी जेवायचं? आम्ही नाही का जगलो मागून जेवून?’ म्हातारीची सात बाळंतपणं झाली होती आणि पोरं जगली होती तीन. तिनं पुढं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चुलीतलं लाकूड आत सारून बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, ‘त्या काळजाला खायला सवड कधी मिळते गं? दिवसरात्र तर चालू असतं.’

‘दोन ठोक्यांच्या मध्ये,’ थोरली म्हणाली. ‘जोर लावताना त्याच्या स्वतःच्याच नळ्या आवळतात. सैल पडलं की त्यांत रक्त भरतं. सर म्हणाले, एका ठोक्यात जोराचा वेळ थोडा आणि विसाव्याचा जास्त.’

धनी ताटापुढं बसून होता. त्याला भूक लागली होती आणि हे सगळं लांबतंय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हातारीनं टोपली त्याच्यापुढून उचलली, दुसरी भाकरी सुनेच्या ताटात टाकली आणि मग टोपली परत सरकवली. सून खाली मान घालून बसली. नवऱ्यादेखत पहिला घास उचलायला तिला लाज वाटत होती. म्हातारी म्हणाली, ‘खा आता. लेकरू जागं होईल.’

दुसऱ्या दिवशी धाकटीला म्हातारीनं ठेवून घेतलं आणि सुनेला अंगणवाडीत एकटीच धाडलं. ती परतली तेव्हा मधल्यानं सवयीनं पदर चाचपला. गाठ नव्हती. त्यानं भोकाड पसरलं.

‘तुझं अंडं तुला अंगणवाडीत मिळतं ना?’ म्हातारी म्हणाली. ‘ते तुझं. हे तिचं होतं.’

पोरगं बराच वेळ रडत राहिलं. सून दोनदा त्याच्याकडं जायला उठली, आणि दोन्ही वेळा म्हातारीनं तिला खाली बसवलं.