सूक्ष्मजीवांचे कष्ट आणि आपले कर्तव्य

कसबा बावड्यातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात कोल्हापूर शहराच्या मैलापाण्याचा मोठा भाग येतो. जयंती नाल्याचे पाणी उपसून येथे आणतात आणि ते पंचगंगेस मिळण्यापूर्वी असंख्य सूक्ष्मजीव त्यातील घाण खाऊन टाकतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कामकऱ्यांचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

जे पाण्यात घडते, ते मातीतही घडू शकते. तेल मुरून नापीक झालेल्या जमिनीत योग्य जीवाणू सोडले आणि त्यांना हवा, ओलावा व नत्र-स्फुरदाचे खत दिले, की ते त्या तेलावरच पोसले जातात. बऱ्याचशा तेलाचे शेवटी कर्बवायू आणि पाणी होते. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने अशा जीवाणूंचे 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण सिद्ध केले असून देशातील अनेक ठिकाणच्या तेलकट मातीवर ते वापरले गेले आहे.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. घाण निस्तरणारा सेवक लाभला, म्हणून घाण करण्याची मुभा मिळते काय?

आमच्या मते मिळत नाही. एक तर शिसे, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. जीवाणू त्यांचे रूप पालटू शकतात, त्यांना नाहीसे करू शकत नाहीत. दुसरे असे, की माती शुद्ध होण्यास महिने, कधी वर्षे लागतात. तोवर शेजारच्या शेतकऱ्याने काय करावे? राजस्थानातील बिछडी गावी रासायनिक कारखान्यांच्या गाळाने माती व विहिरी नासल्या. ज्याने प्रदूषण केले त्यानेच शुद्धीकरणाचा खर्च सोसावा, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. हा न्याय योग्यच होय. परंतु खर्च भरून देता येतो, वाया गेलेले हंगाम भरून देता येत नाहीत.

शेजाऱ्याचा बांध फोडला, तर तो पुन्हा घालून देणे हे उपकार नव्हेत, ते कर्तव्यच आहे. आणि बांध न फोडणे हे त्याआधीचे कर्तव्य आहे. हा नियम केवळ कारखानदारांसाठी नाही. गाडीचे जळके तेल गटारात ओतताना किंवा निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकताना, ते निस्तरण्याचे ओझे आपण कोणावर लादतो आहोत, हे आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावे.